दुपारचा भोंगा

माझ्या आत्याशी बोलायचं तर आधी घसा साफ करून यावं लागतं. तिला कमी ऐकू येतं. वर्षानुवर्षं भोंग्याच्या खाली बसल्यावर दुसरं काय होणार? पण हवं तेव्हा तिला सगळं बरोबर ऐकू येतं. "आत्या, जरा दुकानात बसतेस का?" असं विचारलं की कपाळाला आठ्या घालून "काय?" म्हणते. आणि मी गिऱ्हाइकाच्या कानात तिच्याबद्दल दोन शब्द पुटपुटले की रस्त्यापलीकडून ओरडते, "सगळं कळतं हं मला!"

तिची नोकरी नागरी संरक्षण कचेरीत. नाव भारदस्त, कचेरी दोन खोल्यांची. वरच्या खोलीत एक टेबल, एक टेलिफोन आणि भिंतीवर तळहाताएवढं काळं बटण. कोपऱ्यात वाळूच्या बादल्या, ज्यांत येणारेजाणारे सिगरेटी विझवायचे. गच्चीवर भोंगा. बरोबर समोर माझं शिवणाचं दुकान, त्यामुळे तिच्या नोकरीची बहुतेक वर्षं मी मशीनवर बसल्याबसल्या पाहिली आहेत.

भोंग्याचे आवाज दोन. बटण दाबलं की मोटर वेग घेते आणि आवाज चढतो, सोडलं की उतरतो. असं दाबत-सोडत राहिलं की जो चढउताराचा आवाज येतो त्याचा अर्थ: संकट आलंय, घरात शिरा, सांगेपर्यंत बाहेर पडू नका. आणि बटण दाबून धरलं की सलग एकसुरी आवाज येतो. त्याचा अर्थ: धोका टळला, बाहेर या. एवढंच शास्त्र. शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या गावाला मात्र ते कळलं नाही, आणि तो दोष काही एकट्यादुकट्याचा नव्हता.

मोटर गंजून बसू नये म्हणून भोंगा रोज दुपारी एकदा वाजवून बघायचा असा नियम होता. आत्या नवीन लागली तेव्हा दोन्ही आवाज वाजवायची. मागच्या गल्लीत बाळंतिणींचा दवाखाना आहे. चढउतार सुरू झाला की तिथली सगळी बाळं एकदम किंचाळायची आणि मग त्यांच्या आया रडायला लागायच्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई एक दिवस तणतणत आल्या. "अहो, लढाई होईल तेव्हा होईल. माझ्या पोरांची झोप रोज मोडते त्याचं काय?" खरंच होतं त्यांचं. पुष्कळ बैठका झाल्या, चहा झाला, आणि असं ठरलं की मोटर चालते की नाही एवढंच बघायचं असेल तर सलग आवाज पुरे. चढउतार बंद. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? तो आवाज कानात शिरला की माझी शिलाई वाकडी जायची.

मग गावाला त्या दुपारच्या भोंग्याची सवयच लागली. भोंगा झाला की दुकानांची शटरं खाली, शाळेत डबे उघडायचे, गॅरेजवाला हात पुसत घरात, मीही मशीनवर कापड टाकून आत. रस्ता अगदी ओस पडायचा. रोजचं जेवण आणि वर डुलकी. चढउतार कधी ऐकलाच नाही अशी पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली. म्हणजे बघा, "बाहेर या" सांगणाऱ्या आवाजावर आमचं अख्खं गाव आत जायला शिकलं होतं. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, तसं रोज वाजे त्याचा अर्थ कोण विचारणार?

एक माणूस सोडून. तो म्हणजे आत्याचा नवरा, आमचे काका.

काका पाणीपुरवठ्यात पंपावर होते. पूल ओलांडून गावाबाहेर गेलं की पाण्याच्या उघड्या टाक्या आणि त्यांच्या पोटात पंपाचं तळघर, हे त्यांचं राज्य. आत्याची आणि त्यांची ओळखच मुळी नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणात झाली. सरकारने भोंगेवाले, पाणीवाले, आगीच्या बंबावरचे असे सगळे एका शाळेत कोंबले होते. बाकीचे मागच्या बाकावर डुलक्या काढत होते, आणि हे दोघं पुढे बसून प्रश्न विचारत होते. अशा दोघांचं एकमेकांशी नाही जमणार तर कोणाशी?

काकांचा स्वभाव म्हणजे नियम म्हणजे नियम. एका ठरावीक कंपनीचं मीठ आणायला सांगितलं आणि दुकानात दुसरं असलं, तर हा माणूस हात हलवत परत यायचा. आत्या डोक्याला हात लावायची. "अहो, मीठ ते मीठ!" काका शांतपणे म्हणायचे, "तू सांगितलंस ते नव्हतं." यावरून त्यांची भांडणं व्हायची, मोठ्याने व्हायची, कारण आत्याला हळू भांडलेलं ऐकूच यायचं नाही. सगळी गल्ली फुकटात ऐकायची. पण संध्याकाळी काका सायकलवरून परत आले की ती पायरीवर उभी असायची, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेताना दोघांची तोंडं जी व्हायची ती नव्या नवरा-नवरीची असतात. आम्ही चेष्टा करायचो. त्यांना फरक पडायचा नाही.

आता लढाईचं. भांडण जुनं, शेजारच्या देशाशी. समुद्रातल्या एका पट्ट्यावरून. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्यामुळे कोणी मनावर घेत नव्हतं. त्या वर्षी त्यांच्या आरमाराचा सराव चालू असताना आपलं एक टेहळणीचं विमान पडलं. पाडलं की पडलं हे आजपर्यंत कळलेलं नाही. आपण जाब विचारला. त्यांना वाटलं, आता हे आपल्या क्षेपणास्त्रांवर हल्ला करतील, म्हणून त्यांनी ती कोठारांतून काढून रानावनात पांगवली. बचावासाठी. आपल्या लोकांनी ते वरून पाहिलं आणि म्हणाले, डागायची तयारी चालली आहे. म्हणून आपण अणुबॉम्ब भरून विमानं तयार ठेवली. तीही बचावासाठीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपला बॉम्ब बचावाचा, त्यांचा हल्ल्याचा.

मग त्यांच्याकडच्या कोणा शहाण्याने सुचवलं की एक छोटा बॉम्ब रिकाम्या समुद्रावर टाकू, समोरचा घाबरून गप्प बसेल. टाकला. आपल्याकडेही शहाणे होतेच. ते म्हणाले, उत्तर दिलं नाही तर हा दुसरा टाकेल, तेव्हा आपणही एक छोटा टाकू. तो त्यांच्या आरमाराच्या तळावर पडला. तिथे माणसं होती. रेडिओवर "छोटा" हा शब्द इतक्या वेळा आला की मला त्या शब्दाची शिसारी बसली आहे. एक दिवस बसून लढाई करायची असं कोणी ठरवलं नव्हतं. दोघंही एकेक पायरी उतरत होते आणि दर पायरीवर म्हणत होते, ही शेवटची.

गावात काय चाललं होतं? काही नाही. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, मी गणवेशाच्या ढिगाऱ्यात बसले होते. "आपल्या गावाला कोण विचारतंय?" असं सगळे म्हणत होते, आणि तेही खरंच होतं. आमच्यावर कोणी नेम धरलेला नव्हता. पण मोठा हवाईतळ आमच्यापासून काही फार लांब नाही, आणि त्या दिवसांत वारा तिकडून आमच्याकडे वाहतो, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. बॉम्ब जमिनीवर फुटला की तिथली माती जळून आभाळात जाते आणि वारा नेईल तिथे जाऊन पडते. त्या मातीला शत्रू-मित्र कळत नाही.

त्या दिवशी सकाळी क्षितिजाकडे वीज चमकल्यासारखं झालं, आणि बऱ्याच वेळाने खिडकीची तावदानं थरथरली. आभाळ स्वच्छ होतं. थोड्या वेळाने समोरच्या गच्चीवरून जे काही सुरू झालं ते ऐकून माझ्या हातातलं कापड खाली पडलं. आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. कोणी जनावर कापतंय असं वाटलं मला.

आणि आमचं गाव काय करतं? बाहेर येतं. गॅरेजवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून वर बघतोय. गच्च्यांवर माणसं. शाळेत कुठे आग लागली की काय म्हणून मास्तरांनी सगळी पोरं मैदानात आणून रांगेत उभी केली. दवाखान्याच्या फाटकात डॉक्टरीणबाई, नर्सा, आणि एकदोन बाळंतिणी बाळांना छातीशी धरून. कचेरीची जीप निघाली होती, कर्णा लावून. तिला चौकातच लोकांनी घेरलं आणि ड्रायव्हरला प्रश्न विचारायला लागले. तो बिचारा "आत जा, आत जा" म्हणून ओरडतोय, आणि लोक म्हणताहेत, "आधी सांग तर काय झालंय!" मी कात्री हातात तशीच घेऊन आत्याच्या कचेरीचा जिना चढले.

ती बटण दाबत-सोडत होती. घामाने निथळली होती.

"आत्या, भोंगा बिघडला का? कसा रडतोय!"

"बिघडला नाहीये. हाच खरा." तिने हात काढला. आवाज उतरत गेला. "वरून साहेबांचा फोन आला होता. हवाईतळ गेला. तिथली माती इकडे येतेय. अंगावर पडली तर माणूस वाचत नाही. लोकांना आत घ्या म्हणाले आणि फोन मेला. आणि हे बघ! तमाशा बघायला आल्यासारखे उभे आहेत सगळे!"

ती खिडकीशी गेली. खाली अजून माणसं गोळा होत होती. मी तिच्याकडे बघत होते, ती त्या पोरांच्या रांगांकडे बघत होती.

"दुपारचा वाजवला तर जातील," ती म्हणाली.

मला एका क्षणात पटलं. "मग वाजव की! थांबलीस कशाला?"

"तुझे काका."

"त्यांचं काय?"

"ते आता तळघरात असतील. चढउतार ऐकला तेव्हाच खाली उतरले असतील, दार लावून. या गावात तेवढ्या एकाच माणसाला माझा भोंगा कळतो. आता सलग वाजला की धोका टळला म्हणून वर येतील. आणि वर आले की टाक्यांवर जातील. तोही नियमच आहे त्यांचा, धोका टळला की पहिलं काम उघड्या टाक्या बघायचं."

"त्यांना रोजचाच वाटेल. चाचणीचा."

"चाचणीच्या आधी चढउतार नसतो गं. चढउतारानंतर सलग म्हणजे त्यांच्या लेखी एकच अर्थ."

मी फोन उचलला. मेलेला. मोबाइल बघितला. तोही तसाच. "मी जाते स्कूटरवर," म्हणाले. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. "वारा पुलाकडूनच येतोय. तुला तिकडे पाठवून माझ्या भावाला काय सांगू मी?"

मग तिने बटणावर दोन्ही अंगठे ठेवले, एकावर एक, आणि दाबलं. आवाज चढला आणि चढून स्थिर झाला. ती रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. अंगठे मात्र उचलले नाहीत.

खाली लोकांनी घड्याळं बघितली. "आज लवकर कसा?" असं कोणीतरी म्हणालेलं मला त्या गोंगाटातही त्याच्या तोंडावरून कळलं. गॅरेजवाल्याने हात पुसले. शटरं पडायला लागली. पोरं मैदानातून वर्गात पळाली, डब्यांकडे. फाटकातून बाळंतिणी आत गेल्या. बघता बघता रस्ता रिकामा झाला, रोज होतो तसा. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. कोणाचा, ते मला धड सांगता येणार नाही. त्या शटरांचा आला असावा.

जीपचा ड्रायव्हर धापा टाकत वर आला. "बाई, आता काय?"

"गल्ल्या फिर. जेवून लोक परत बाहेर पडतील, त्याच्या आत सगळ्या गल्ल्या झाल्या पाहिजेत. दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा, मी सांगेपर्यंत कोणी पाऊल बाहेर टाकायचं नाही. काचा बंद ठेव जीपच्या."

"आणि टाकी?" मी ओरडले. "आत्या, आधी टाकीवर पाठव त्याला!"

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. काकांबरोबर रोज चहा घेणारा माणूस तो.

"टाकी शेवटी," आत्या म्हणाली.

त्या दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर करड्या रंगाची खरखरीत धूळ जमायला लागली, जाड दळलेल्या पिठासारखी. आम्ही दोघी खिडकीपासून लांब, खालच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. मी बोलायचा प्रयत्न केला तर "ऐकू येत नाही" म्हणाली.

ड्रायव्हर टाकीवर पोचला तेव्हा काका टाकीच्या भिंतीवर उभे होते. लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची धूळ काढत होते. उकाड्याने सदरा काढून ठेवला होता. खांद्यांवर, केसांत, भुवयांवर तीच करडी धूळ, आणि मधूनमधून ती हाताने झटकत होते. ड्रायव्हरने काच न उघडता आतूनच बोंब मारली. काका म्हणाले, "अरे, ओरडतोस काय? बाईंनीच मोकळं केलंय. भोंगा ऐकला नाहीस?"

चौथ्या दिवशी दोन्ही देश थांबले. त्यातल्या एका दिवशी तर मोठी शहरंच गेली, त्यांची आणि आपली. का थांबले, तर टाकायचं हाताशी फारसं उरलं नाही आणि हुकूम द्यायचे त्यांतले बरेच उरले नाहीत, असं म्हणतात. पुढचा उन्हाळा उन्हाळ्यासारखा आलाच नाही. सूर्य मळक्या काचेतून दिसावा तसा दिसायचा, पिकं हिरवीच करपली, औषधं मिळेनाशी झाली. ज्यांच्याशी आमचं ना भांडण ना ओळख, अशा लांबच्या देशांतली माणसंही उपाशी मेली. आमच्या गावातही माणसं गेली, पण गाव राहिलं. शाळेतली ती पोरं राहिली. त्यांचे गणवेश मी नंतर शिवले, जाड कापडाचे.

काका पाच-सहा आठवडे होते. आधी उलट्या, मग मध्ये चार दिवस इतके बरे की आम्हाला आशा वाटली, मग केस, मग हिरड्यांतून रक्त. डॉक्टरीणबाईंनी बाळंतिणींच्या दवाखान्यातलीच एक खोली त्यांना दिली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आत्या तिथेच राहायची, खाटेशेजारी चटईवर. काय झालं ते गावाने त्यांना सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांना म्हणायचे, भोंगा वाजल्यावर माझंच टाकीवर जाणं जरा लवकर झालं असेल, अजून थोडं थांबायला हवं होतं.

आत्याला ते सहन होईना. एका सकाळी मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा तिने माझ्यासमोरच सांगितलं. तिचा आवाज मोठा, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणींनाही ऐकू गेलं असणार.

"अहो, तुमचं काही चुकलं नाही. धोका टळला नव्हता. लोक आत जाईनात, म्हणून मी सलग वाजवला. तुम्ही वर याल हे मला माहीत होतं. जीपसुद्धा मी शेवटी पाठवली."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, बरोबर केलंस. म्हणाले नाहीत. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या हातचं पाणी घेईनात, नर्सकडे मागायचे. ती चटईवर बसून राहायची. मला काकांचा राग आला, आणि मरणाऱ्या माणसाचा राग येतो म्हणून माझा मलाही आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. आवाज फार बारीक झाला होता, आणि तिला तर कमी ऐकू येतं. म्हणून ती खाटेच्या कडेला बसून पार वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन.

"दाबताना हात कापत होता का तुझा?"

"हो. खूप."

"पण आवाज सलग आला. कुठेच तुटला नाही."

"दोन्ही अंगठे लावले होते."

मग म्हणाले, "चांगला वाजवलास. मला जराही शंका आली नाही."

आत्या त्यांच्या छातीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडायला लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला खुणेने सांगितलं की खोलीचं दार लावून घे, शेजारी बाळं झोपली आहेत.